कोपरा

दर सहा वर्षांनी, डिसेंबर सरला
की एकाच जमिनीचे दोन अर्ज माझ्या टेबलावर येतात.
एक म्हणतो, करार वाढवा.
दुसरा म्हणतो, जमीन परत हवी, स्वतः कसणार.
चांगह्वा जिल्ह्यातल्या या नगरकचेरीत
सोळा वर्षं शिक्का माझ्याकडे आहे.
निकाल नाही.

या खेपेला गट नंबर चारशे बारा.
सात फन भातखाचर, पावणेदोन एकराला जरा कमी,
पाटाच्या दुसऱ्या वळणावर.
मालक: लाई मिंग-थांग, वय एकाहत्तर,
निवृत्त भूगोल शिक्षक, तैपेई, चौथा मजला.
कूळ: को चिंग-श्वेई, वय शहात्तर,
राहणार बांधाला लागून.

कायदा दोघांनाही एकच सांगतो:
गरीब असाल तर सिद्ध करा.

लाई सरांनी आणली
अंथरुणाला खिळलेल्या बायकोची फाईल,
आणि तिचं करायला ठेवलेल्या
इंडोनेशियन बाईच्या पगाराची वही.
को काकांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला.
वडिलांच्या काळापासूनच्या खंडाच्या पावत्या,
हजार किलोमागे तीनशे पंचाहत्तर,
एक किलो इकडे नाही की तिकडे नाही.
कागदांना अजून लोण्याचा वास.

मी बेरीज मांडली.
काकांचा मुलगा चिपच्या कारखान्यात रात्रपाळी करतो,
नाव एकाच कुटुंबपत्रकात, म्हणून पगार धरावा लागतो.
धरला तर काका खाऊनपिऊन सुखी,
सोडला तर उपाशी.
मंगळवारी तो पलीकडच्या कचेरीत आला,
रात्रपाळीचे डोळे घेऊन,
आणि वडिलांच्या घरातून स्वतःला वेगळं काढून गेला.
कूळ राहावं म्हणून
कुळातून नाव कमी.
सरांच्या वकिलाने नेमकं त्या तारखेवर बोट ठेवलं.

फेब्रुवारीत जागेवर पाहणी.
समुद्राकडचा वारा पंचनाम्याचे कागद ओढत होता.
यंत्राने लावणी करून ठेवलेली,
कोपरे राहिलेले. ते यंत्राला जमत नाहीत.
अध्यक्ष म्हणाले, सर, एक कोपरा लावून दाखवा,
स्वतः कसणार म्हणता ना.
सर उतरले. रबरी बूट नवे,
टाचेवर किमतीची चिठ्ठी तशीच.
रोप धरलं खडू धरावा तसं.
पाच लावली, तीन तरंगली.

काका बांधावर, हात पाठीमागे.
त्यांच्या वकिलाने हळूच कोपर मारलं: गप्प उभे राहा,
आपलंच काम होतंय.
चौथं रोप वर आलं.
काकांनी चपला काढल्या.

"अंगठा मुळाशी, सर. पानाला कशाला धरता?
आणि इतकं खोल नाही, ते गुदमरतं."
मनगट धरून त्यांनी सरांचा हात चिखलात नेला.
मग दोघं वाकले, एकमेकांकडे न बघता,
आणि कोपरा भरत गेले.
वकील आभाळाकडे बघत राहिला.
कुणीतरी फोटो काढला, पुरावा म्हणून.
कुणाचा, ते मला अजून कळलेलं नाही.

नमुन्यात दोन चौकोन होते:
कसण्यास सक्षम, कसण्यास असमर्थ.
मी दोन्ही मोकळे ठेवून खाली लिहिलं,
कोपरा लागला.
अध्यक्षांनी लाल पेनाने ते खोडलं.
प्रकरण कोर्टात गेलं.

जूनच्या शेवटी कापणी झाली.
खंड घेतला तर करार मानल्यासारखं होतं,
म्हणून सर घेत नाहीत.
काकांनी रक्कम कोर्टात भरली,
पावती डब्यात गेली.
मग माझ्याकडे आले, नव्या तांदळाची
दोन किलोची पिशवी घेऊन.
"सरांना द्या. त्या दिवशीची मजुरी आहे.
खंडात धरू नका."

मी तैपेईला फोन केला. दोनदा.
सर म्हणाले, वकिलाला विचारून सांगतो.

आवक नोंदवहीत असल्या गोष्टीला रकाना नाही.
पिशवी माझ्या टेबलाखाली आहे.
मी पाय आखडून बसते.